चेंडू हवेत असतो तेव्हा

अमेरिकेत २०२३ मध्ये इंडियाना फीव्हर या महिला बास्केटबॉल संघाच्या घरच्या सामन्यांना सरासरी चार हजारांच्या आसपास प्रेक्षक येत. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क संघात आली आणि ही सरासरी १७ हजारांवर गेली. वॉशिंग्टनच्या संघाने तिच्याविरुद्धचा सामना मोठ्या स्टेडियममध्ये हलवला, तेव्हा २०,७११ लोक आले. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये नियमित हंगामातल्या सामन्याचा हा विक्रम ठरला.

आता दुसरी बाजू पाहा. त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू एजा विल्सन होती, आणि तिची निवड एकमताने झाली होती. क्लार्कचे थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, शंभरातले जेमतेम ३४ आत गेले. सर्वोत्तम खेळाडूच सर्वांत जास्त तिकिटं खपवतो, हा समज इथे टिकत नाही. माझं म्हणणं असं, की तिचे चुकणारे शॉट हाच तिच्या आकर्षणाचा मोठा भाग आहे.

याचं कारण मेंदूत शोधायला हवं. फिओरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ यांनी २००३ मध्ये माकडांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक चित्र दिसे आणि दोन सेकंदांनी गोड सरबताचा थेंब मिळे, किंवा मिळत नसे. एका चित्रानंतर थेंब हमखास येई, दुसऱ्यानंतर कधीच नाही, तिसऱ्यानंतर निम्म्या वेळा. चित्र दिसल्यापासून निकाल लागेपर्यंत डोपामाइन पेशींची (डोपामाइन हे संदेश पोचवणारं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशींची) सक्रियता हळूहळू चढत गेली, आणि ती सर्वांत जास्त चढली ती निम्म्या शक्यतेच्या चित्राला. बक्षिसाची खात्री असताना ही चढण नव्हती. तिचा अर्थ काही संशोधक वेगळा लावतात, पण मला ती बास्केटबॉलसाठी फार बोलकी वाटते.

कारण इथे अनिश्चितता मोजता येते. यशाची शक्यता 'श' धरली, तर अनिश्चितता म्हणजे श × (१ − श). 'श' निम्मा असताना हे उत्तर कमाल, म्हणजे ०.२५ येतं. क्लार्कच्या थ्री-पॉइंटरसाठी ते ०.३४ × ०.६६, म्हणजे सुमारे ०.२२. तिचे फ्री थ्रो, म्हणजे कुणी अडवत नसताना ठरलेल्या रेषेवरून मारलेले शॉट, मात्र त्या वर्षी शंभरातले ९१ आत गेले, तिथे ते फक्त ०.०८. तीच खेळाडू, तोच चेंडू, पण फ्री थ्रोला अनिश्चितता जवळपास तिपटीने कमी.

शिवाय वेळ. तिचे गाजलेले शॉट ३० फुटांवरून, म्हणजे नऊ मीटरवरून येतात. ५० अंशांत फेकलेल्या चेंडूला तेवढं अंतर कापायला साधारण १.४ सेकंद लागतात; फ्री थ्रोला एक सेकंदही पुरतो. रिंगजवळ जाऊन चेंडू अलगद टाकायच्या ले-अपमध्ये उत्कंठा ताणायला वेळच मिळत नाही. आणि इतक्या लांबून चेंडू आत गेला, की अपेक्षा आणि निकाल यांतला फरकही मोठा असतो. डोपामाइन पेशी नेमक्या याच फरकाला जोरात प्रतिसाद देतात. ३४ टक्क्यांवर हा फरक कधी संपत नाही, म्हणून शंभरावा शॉटही शिळा होत नाही.

डोपामाइन म्हणजे 'आनंदाचं रसायन' नव्हे, हेही यातून दिसतं. चढण बक्षिसाच्या आधीची आहे. ते उपास करून शरीरातून धुऊन काढायचं 'डोपामाइन डिटॉक्स' नावाचं खूळ सध्या विकलं जातंय. त्याला या विज्ञानाचा आधार नाही.

अर्थात लांबून शॉट मारणाऱ्या सगळ्यांसाठी स्टेडियम भरत नाहीत. कोर्टवर एका संघाच्या पाचच जणी असतात, हेल्मेट नसतं, चेहरा सतत दिसतो. त्यातून क्लार्कला आयोवाच्या कॉलेज संघात चार वर्षं लोकांनी पाहिलं होतं. २०२४ च्या कॉलेज स्पर्धेत तिच्या संघाच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त टीव्ही प्रेक्षक मिळाले. अपेक्षा बांधायला आधी ओळख लागते. जाहिरात कंपन्या ओळख वाढवू शकतात, ते १.४ सेकंद त्यांना बनवता येत नाहीत.

माझा हा तर्क तपासणं अवघड नाही. कॉलेजच्या एखाद्या सामन्यात ५० प्रेक्षकांच्या मनगटांवर नाडी मोजणारे पट्टे बांधावेत आणि लांबचे शॉट, फ्री थ्रो, ले-अप यांच्या वेळच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. लांबच्या शॉटला नाडी फ्री थ्रोपेक्षा जास्त चढली नाही, तर माझा तर्क चुकला.