एलएनजीवाहू जहाज

नैसर्गिक वायू द्रवरूपात (एलएनजी, म्हणजे लिक्विफाइड नॅचरल गॅस) समुद्रमार्गे नेण्यासाठी खास बांधलेले जहाज. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावर तो हवेच्या नेहमीच्या दाबालाही द्रव राहतो आणि त्याचे आकारमान जवळजवळ ६०० पटींनी घटते. प्रोपेन किंवा ब्युटेन नुसत्या दाबाने द्रव होतात, म्हणून ते साध्या सिलिंडरमध्ये भरता येतात. मिथेनचे तसे नाही. उणे ८२ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्यामुळे हे जहाज एखाद्या अवाढव्य थर्माससारखे बांधावे लागते. टाकीचा आकार, पत्र्याचा धातू, इंजिनाचा प्रकार, इतकेच काय, परतीच्या रिकाम्या फेरीत टाकीच्या तळाशी काय ठेवायचे, हेदेखील थंडीच ठरवते.

या थंडीचा पहिला धोका जहाजालाच असतो. जहाजबांधणीचे साधे पोलाद इतक्या कमी तापमानाला ठिसूळ होऊन तडकते. माल चढवता-उतरवताना, नळ जिथे जोडले जातात त्या जागेखाली जहाजाच्या बाजूवरून समुद्राच्या पाण्याचा पडदा सतत वाहता ठेवतात. थोडा द्रव सांडलाच, तर तो पोलादाला गार करण्याआधी पाण्याने उधळून लावावा, हा हेतू. टाक्यांमधले पंप तर द्रवातच बुडालेले असतात. त्यांच्या मोटारीही द्रवात चालतात, कारण हा द्रव वीज वाहू देत नाही आणि मोटार थंडही ठेवतो.

पहिली यशस्वी फेरी १९५९ साली झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका मालवाहू जहाजात ॲल्युमिनियमच्या टाक्या बसवून, त्यांना बाल्सा लाकडाचे अस्तर देऊन, ‘मिथेन पायोनियर’ अमेरिकेतल्या लेक चार्ल्सहून निघाले आणि थेम्स नदीच्या मुखाजवळच्या कॅन्व्ही बेटावर पोहोचले. त्याची क्षमता जेमतेम ५,००० घनमीटर होती. १९६४पासून ‘मिथेन प्रिन्सेस’ आणि ‘मिथेन प्रोग्रेस’ ही मुद्दाम बांधलेली जहाजे अल्जीरियातल्या आर्झूहून ब्रिटनला नियमित वायू नेऊ लागली. १९६९ साली अलास्काहून जपानकडे वाहतूक सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके जपान हाच जगातला सर्वांत मोठा ग्राहक राहिला.

टाक्यांचे दोन प्रकार विशेष रुळले. एक नॉर्वेतल्या मॉस येथील कंपनीने विकसित केलेला गोल. डेकच्या वर अर्धे डोकावणारे ॲल्युमिनियमचे प्रचंड गोळे दिसले, की जहाज दुरूनही ओळखता येते. गोल भक्कम असतो, पण जहाजाच्या पोटातली बरीच जागा वाया घालवतो. दुसरा प्रकार फ्रान्समध्ये घडलेला मेंब्रेन टाकीचा. इथे टाकी स्वतः वजन पेलत नाही. जहाजाच्या आतल्या भिंतीला जाड उष्णतारोधक थर आणि त्यावर पातळ धातूचा पापुद्रा, अशी ती रचना असते. भार त्या थरातून थेट जहाजाच्या सांगाड्यावर जातो. नवी जहाजे बहुतेक याच पद्धतीची असतात.

पापुद्र्याचा एक प्रकार सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस पोलादाचा. त्यावर आडव्या-उभ्या घड्या असतात आणि थंडीने आकसताना त्या उलगडत जातात. दुसरा इन्व्हारचा, म्हणजे ३६ टक्के निकेल असलेल्या लोखंडाचा. तो तापमान बदलले तरी जवळजवळ आकसत नाही. त्याचा शोध लावणाऱ्या शार्ल एद्वार गियोम यांना निकेल-पोलादावरील कामासाठी १९२०चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा पत्रा फक्त ०.७ मिलिमीटर जाड असतो आणि हाताच्या घामानेही गंजतो, म्हणून टाकीत काम करणारे कारागीर हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. हजारो टन माल अशा पत्र्याच्या आड सुखरूप राहतो, ही जोडणीतल्या कसबाचीच पावती आहे.

थर्मास कितीही चांगला असला तरी थोडी उष्णता आत शिरतेच. जुन्या जहाजांत रोज सुमारे ०.१५ टक्के, तर नव्या जहाजांत ०.१ टक्का किंवा त्याहून कमी माल उकळून वायू होतो. हा वायू साठू दिला तर दाब वाढतो, आणि हवेत सोडला तर नासाडी होते. यावर काढलेला तोडगा या जहाजांची सर्वांत सुंदर युक्ती म्हणावी लागेल: हाच वायू इंजिनात जाळायचा. बाकीची व्यापारी जहाजे डिझेलकडे वळल्यानंतरही इथे वाफेची टर्बाइन टिकून राहिली ती याचसाठी, कारण बॉयलर वायू आणि तेल दोन्ही जाळतो. २००० नंतर दोन्ही इंधनांवर चालणारी इंजिने आली आणि वाफ मागे पडली. त्यांपैकी काही इंजिनांतून थोडा मिथेन न जळताच बाहेर पडतो. मिथेन हा प्रखर हरितगृह वायू असल्याने ही गळती क्षुल्लक मानता येणार नाही.

माल उतरवल्यावरही टाकी पूर्ण रिकामी करत नाहीत. तळाशी थोडा द्रव राखून अधूनमधून तो आत फवारतात, म्हणजे टाकी गार राहते. गरम टाकीत एकदम द्रव सोडला तर धातूला धक्का बसतो. मेंब्रेन टाकी अर्धवट भरून भर समुद्रात नेणेही टाळतात, कारण हेलकावणारा द्रव भिंतींवर आदळून त्यांना पोचे पाडू शकतो.

द्रव स्वतः जळत नाही. त्याची वाफ हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळली तरच पेट घेते. जून १९७९ मध्ये ‘एल पासो पॉल केझर’ हे भरलेले जहाज जिब्राल्टरजवळ खडकावर चढले. तळ फाटला, पण दुहेरी तळाच्या आतल्या टाक्या टिकल्या आणि माल दुसऱ्या जहाजात सुखरूप उतरवला गेला.

आज प्रचलित आकार सुमारे १,७४,००० घनमीटरचा आहे. २०१६ साली रुंद झालेल्या पनामा कालव्यातून एवढे जहाज जाऊ शकते. कतारच्या मालासाठी बांधलेली ‘क्यू-मॅक्स’ जहाजे २,६६,००० घनमीटरपर्यंत माल नेतात. २०१७ साली ‘क्रिस्तोफ द मार्जरी’ या स्वतःच बर्फ फोडू शकणाऱ्या एलएनजीवाहू जहाजाने रशियाच्या उत्तर किनाऱ्यालगतचा आर्क्टिकचा उत्तर सागरी मार्ग बर्फफोड्या जहाजाच्या सोबतीशिवाय पार केला. काही जहाजे मात्र प्रवास थांबवून धक्क्यालाच बांधलेली असतात. त्यांच्यावर बसवलेली यंत्रणा बहुधा समुद्राच्या पाण्याची ऊब वापरून द्रवाचा पुन्हा वायू करते आणि तो किनाऱ्यावरच्या वाहिनीत सोडते. २०२२ साली रशियाकडून वाहिनीने येणारा वायू आटला, तेव्हा जर्मनीने अशीच जहाजे आणून आपली पहिली आयात टर्मिनले उभी केली.