धसका बसणं आणि पीटीएसडी होणं, एकच नाही

हल्ली कुणी बाईकवरून पडलं आणि दोन रात्री झोप लागली नाही की लगेच "मला पीटीएसडी झालाय" (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे भयंकर घटनेनंतर जडणारा मानसिक आजार), आणि दुसरीकडे वर्षभर आतल्या आत झुरणाऱ्या माणसाबद्दल घरचे म्हणणार "धसका घेतलाय त्याने, जाईल आपोआप". दोन्हीकडे गल्लत आहे.

किल्लारीचंच घ्या. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंती न् माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली, 7 हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर लोक छताखाली झोपायला घाबरायचे. मग हा आजार का? अजिबात नाही, धक्के अजून बसत होते, बाहेर झोपणं हेच शहाणपण होतं. याला धसका म्हणायचं. झोप उडते, घास उतरत नाही, दार आपटलं तरी दचकायला होतं, कधी तर रडूच येत नाही (आणि मग नातेवाईक कुजबुजतात, बघा डोळ्यातून टिपूस नाही!). शरीर अजून पहाऱ्यावर असतं, बाकी काही नाही. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत हळूहळू उतरतं.

पीटीएसडी हे नाव डॉक्टरांच्या अधिकृत यादीत आलं 1980 मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे हाल बघून. त्यात साधी अट अशी की त्रास महिन्याहून जास्त टिकलाय आणि रोजचं जगणं अडलंय, कधीकधी तर तो सुरूच काही महिन्यांनी होतो. धसक्यात ती घटना आठवते, इथे ती परत घडते, वास-आवाजासकट, आत्ता, या क्षणी. आणि खरी मेख टाळण्यात आहे. आधी तो रस्ता टाळायचा, मग तो एरियाच, मग घराबाहेर पडणंच बंद, टाळलं की पटकन बरं वाटतं म्हणून अजून टाळायचं, आणि धोका संपलाय हे मेंदूला कळायला चान्सच मिळत नाही.

म्हणून दोन्हींचे उपायही वेगवेगळे. धसक्यात सुरक्षित जागा, जेवण, आपली माणसं, जमेल तसं काम, एवढं पुष्कळ असतं. "सांग ना नक्की काय झालं, बोललास की मोकळं वाटेल" असं खोदून विचारू नका, घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घ्यायची पद्धत पूर्वी होती, तिचा फायदा दिसला नाही म्हणून आता ती सुचवत नाहीत. पीटीएसडीत मात्र बऱ्याचदा त्या आठवणीकडे जावंच लागतं, पण शिकलेल्या थेरपिस्टसोबत, बेताबेताने, शेजारच्या काकूंसमोर नव्हे!

आणि महिना भरायची वाट बघत बसू नका हं, जीव द्यायचे विचार येत असतील तर त्याच दिवशी बोला. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.