दिल्ली पासिंगची डिझेल गाडी आणि काजळीचा फिल्टर

‘दिल्ली पासिंग, सिंगल ओनर, डिझेल, पेपर क्लिअर.’ अशा जाहिराती हल्ली रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुणाच्याही फोनवर येऊन पडतात. किंमत इथल्या एमएच-०८ किंवा एमएच-०७ गाडीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे माणूस बघायला जातोच. आणि बघायला गेलेल्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘दादा, बीएस-सिक्स आहे म्हणून घाबरू नका. तो फिल्टर आम्ही काढून देतो. ॲव्हरेज पण वाढेल.’

या सल्ल्यामुळेच हा लेख लिहायला घेतला. (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरच्या सरकारी मर्यादांचे टप्पे. आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक.) धुरातली काजळी अडवणारी जी वस्तू कापून भंगारात टाकायला सांगतात, तिच्याइतकी हुशारीने घडवलेली दुसरी वस्तू अख्ख्या गाडीत क्वचितच सापडेल. ती कशी चालते हे कळलं, की कोकणात डिझेल गाडी कुणी घ्यावी आणि कुणी घेऊ नये याचं उत्तरही आपोआप मिळतं.

आधी दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, ते पाहू. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवू नयेत असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम केला. पुढे त्यात फेरबदल झाले, तरी हिवाळ्यात हवा बिघडली की बीएस-फोर डिझेल गाड्यांवर तिथे निर्बंध येतातच. मग मालक गाडी विकून मोकळा होतो. मूळ आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ‘स्वस्त’ गाडी किती स्वस्त उरते, हे ज्याचं त्याने मांडून पाहावं. परदेशातून गाडी आणण्याबद्दलही विचारणा होते, कारण खेड, दापोली, श्रीवर्धनची घरटी माणसं आखातात आहेत. त्याचं उत्तर छोटं आहे. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती फक्त मुंबई बंदरातून उतरवता येते. आखातात स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे तिथली गाडी इथे आणायचा विषय तिथेच संपतो.

आता मूळ मुद्दा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स लागू झालं. बीएस-फाइव्ह आपण गाळलंच. डिझेल मोटारीच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली, आणि नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर. एवढी मोठी उडी का मारली? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होण्यास निश्चित कारणीभूत असलेल्या गोष्टींत टाकलं होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवतात की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. फवाऱ्याच्या गाभ्यात डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून तिथे काजळी तयार होते. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर आणि आच प्रचंड, म्हणून तिथे हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतो. आच कमी केली की नायट्रोजन ऑक्साइड घटतो पण काजळी वाढते, आच वाढवली की उलट होतं. केवळ इंजिनात फेरफार करून दोन्ही एकदम कायद्याच्या मर्यादेत बसवणं फार अवघड आहे. फोक्सवॅगनने काय केलं ते २०१५ च्या सप्टेंबरमध्ये जगाला कळलं. चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरतीच नियम पाळायची. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होतं. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून गाडी प्रयोगशाळेबाहेर खऱ्या रस्त्यावर चालवूनही तपासतात, ते याच अनुभवानंतर.

म्हणून काजळी इंजिनाबाहेर, धुराच्या वाटेवर अडवतात. तिथे असतो डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर.

हा एक सिरॅमिकचा ठोकळा. त्यात समोरून मागे जाणाऱ्या हजारो चौकोनी नळ्या, प्रत्येक जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. कापलेला फिल्टर हातात घेऊन पुढच्या तोंडाकडून पाहिलं तर एक आड एक नळी बुजवलेली दिसते. मागून पाहिलं तर पुढून जी उघडी होती ती बुजवलेली. धूर उघड्या नळीत शिरतो, पुढे वाट बंद, म्हणून त्याला नळीच्या भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जावं लागतं. भिंत एक तृतीयांश मिलिमीटरहूनही पातळ आणि सच्छिद्र. तीन लिटरच्या डब्यात या सगळ्या भिंतींचं मिळून क्षेत्रफळ दोन-तीन चौरस मीटर भरतं.

आता खरी गंमत. या भिंतीतली छिद्रं साधारण १० ते २० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या १० ते २० हजारांश भागांची असतात. काजळीचा कण ०.०५ ते ०.१ मायक्रॉनचा. म्हणजे भोक कणाच्या शंभरपट मोठं किंवा त्याहूनही जास्त! पिठाच्या चाळणीचा नियम लावला तर एकही कण अडायला नको. प्रत्यक्षात शंभरातले पंच्याण्णवहून अधिक अडतात. कसे?

इतक्या बारीक कणाला हवा सलग भासत नाही. हवेचे रेणू त्याला सतत धडका देत असतात, आणि एका क्षणी डावीकडून जास्त बसल्या, दुसऱ्या क्षणी उजवीकडून, असं होऊन कण वेडावाकडा हलत राहतो. हीच ब्राउनियन गती. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तिचं गणित मांडलं: कण किती दूर भटकला हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. हे गणित इथे लावून पाहू. धूर भिंतीतून सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने झिरपतो, कारण क्षेत्रफळ भरपूर दिलेलं आहे. म्हणजे भिंत ओलांडायला कणाला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ०.०५ मायक्रॉनच्या कणासाठी तापलेल्या धुरातला विसरण गुणांक, म्हणजे कण किती भराभर पसरतात याचं माप, सेकंदाला सुमारे ५ × १०⁻⁹ चौरस मीटर धरा. त्याला दोनाने आणि त्या वेळेने गुणून वर्गमूळ काढलं की उत्तर येतं दहा मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे कण पलीकडे निघेपर्यंत आडवाही जवळजवळ छिद्राच्या रुंदीइतका भटकलेला असतो, वाटेत कुठेतरी भिंतीला टेकतो, आणि एकदा टेकला की चिकटतो. कण जितका बारीक तितका जास्त भटकतो, म्हणून जितका बारीक तितका जास्त खात्रीने अडतो. फुप्फुसात सर्वांत खोल जाणारे कण नेमके हेच.

काही वेळाने भिंतीवर काजळीचा थर बसतो, आणि मग गाळण्याचं मुख्य काम तो थरच करू लागतो. कोरा करकरीत फिल्टर थोड्या वापरलेल्या फिल्टरपेक्षा कमी गाळतो!

पण थर वाढत गेला की धुराला वाट मिळत नाही आणि इंजिन गुदमरतं. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक बारीक नळी बसवलेली असते. दोन्हींतल्या दाबाचा फरक मोजून गाडीचा संगणक काजळी किती साठली हे ठरवतो. साठलेली काजळी जाळायची, यालाच रीजनरेशन म्हणतात. नुसत्या ऑक्सिजनने काजळी जळायला ५५० ते ६०० अंश सेल्सिअस लागतात. त्याऐवजी नायट्रोजन डायऑक्साइड मिळाला तर अडीचशे-तीनशे अंशांपासूनच ती हळूहळू जळू लागते, आणि हा वायू धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडपासून फिल्टरच्या आधीच्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर तयार होतो. ज्या प्रदूषकाला हाकलायचं, त्यालाच आधी कामाला जुंपलंय! गंधकाने हा प्लॅटिनम निकामी होतो, म्हणूनच बीएस-सिक्स डिझेलमधलं गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणावं लागलं.

आणि इथेच कोकणातल्या वापराचा प्रश्न येतो. वाडीतून बाजारात, बाजारातून शाळेत, शाळेतून जेटीवर. चार-पाच किलोमीटर गेलं की गाडी बंद. एवढ्यात धूर दीडशे-दोनशे अंशांपलीकडे तापतच नाही, त्यामुळे काजळी नुसती साठते. मग संगणक स्वतःहून उपाय करतो. स्फोटाची फेरी उरकल्यावर उशिरा थोडं जादा डिझेल सिलिंडरमध्ये फवारतो, ते उत्प्रेरकावर जाऊन जळतं आणि फिल्टर सहाशे अंशांपर्यंत तापवतं. याला सलग दहा-वीस मिनिटं गाडी चालती हवी. तुम्ही मधेच घर आलं म्हणून बंद केलीत, की काम अर्धवट. असं वारंवार झालं की उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी वाढते. ऑइल कमी झालेलं सगळ्यांना कळतं, वाढलेलं मात्र कुणी मनावर घेत नाही, आणि बेअरिंगं त्यानेच जातात. दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये रांगत आलेल्या गाडीची कथाही हीच असते.

याच गाडीला घाट मात्र मानवतो. साखरप्याहून आंबा घाट किंवा चिपळूणहून कुंभार्ली चढताना इंजिनावर चांगला भार येतो, धूर तापतो आणि काजळी चालता चालता जळून जाते. धोका माथ्यावर आहे. रीजनरेशन ऐन भरात असताना गाडी चहाला थांबवली आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवलं, तर दोन गोष्टी एकदम होतात: धुराचा प्रवाह कमी झाल्याने उष्णता वाहून नेणारं काही उरत नाही, आणि इंजिन फारसं डिझेल जाळत नसल्याने धुरात ऑक्सिजन भरपूर असतो. जळती काजळी भडकते, तापमान हजार अंशांपलीकडे जाऊ शकतं आणि सिरॅमिकला तडा जातो. आयडलिंगला आरपीएम नेहमीपेक्षा थोडे जास्त दिसले, गरम वास आला, तात्कालिक ॲव्हरेज एकदम घसरला, तर समजा काजळी जळतेय. तेव्हा थांबू नका, पुढे दहा-पंधरा किलोमीटर चालवा. आणि फेब्रुवारी ते मे या काळात सड्यावर किंवा काजूच्या बागेत वाळक्या गवतावर अशी तापलेली गाडी उभी करू नका. वणव्याला एवढं निमित्त पुरतं, आणि बागायतदाराची वीस वर्षांची कलमं एका दुपारी जातात.

नायट्रोजन ऑक्साइडसाठी बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत वेगळी टाकी असते. तिच्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, पंपावर ज्याला डीईएफ म्हणतात ते. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि अमोनियामुळे नायट्रोजन ऑक्साइडचं पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. ‘भाताला टाकतो तोच युरिया पाण्यात विरघळवून भरा’ असं सांगणारे भेटतात. भरू नका. आपल्या शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचं लेपन सक्तीचं आहे, आणि त्या तेलाने व अशुद्धींनी इंजेक्टर आणि उत्प्रेरक दोन्ही खराब होतात. डिझेलच्या पाइपला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणाऱ्या डब्याही अजून विकल्या जातात. चुंबकाने डिझेलच्या ज्वलनात काहीही फरक पडत नाही. त्या पैशांत वेळेवर फिल्टरवाल्या गाडीसाठीचं, कमी राखेचं ऑइल घाला, कारण काजळी जळून जाते पण ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची राहते.

फिल्टर काढला की ॲव्हरेज थोडा वाढतो, हे खरं आहे. जाळण्यासाठी लागणारं जादाचं डिझेल वाचतं. पण पियुसीच्या केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त गडदपणा मोजतात, कण मोजत नाहीत. त्यामुळे फिल्टर कापलेली गाडीही तिथून सुटू शकते, आणि तिची काजळी मागून येणाऱ्या रिक्षातल्या शाळकरी पोरांच्या छातीत जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बसवलेल्या गोष्टीत असा फेरफार बेकायदा आहे.

तेव्हा गाडी तालुक्याबाहेर क्वचितच जाणार असेल तर पेट्रोल घ्या. दर पंधरवड्याला कराड, कोल्हापूर किंवा मुंबई असेल तर बीएस-सिक्स डिझेल जरूर घ्या, पण आधी चार गोष्टी तपासा. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. धड फिल्टरची गाडी असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ येतं, काळंकुट्ट आलं तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय. ऑइलची पट्टी काढून बघा: पातळी वरच्या खुणेपलीकडे असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर अर्धवट राहिलेली रीजनरेशनं भरपूर झालीत. ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून साठलेली काजळी, राख आणि गेल्या रीजनरेशनला किती किलोमीटर झाले ते वाचून घ्या. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर कारण विचारत बसू नका. शेवटी गाडी रॅम्पवर घेऊन फिल्टरचा डबा बॅटरी मारून चहूबाजूंनी पाहा, आणि कंपनीच्या सांध्याखेरीज त्यावर कुठेही नव्या वेल्डिंगची रेघ दिसली तर टोकन देऊ नका.