आकडे तक्त्यात, वागणूक फंक्शनमध्ये

एलईडी कंट्रोलर चिपचं काम तसं साधं. आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवरून प्रोसेसर तिला एवढंच सांगतो, की अमुक रजिस्टरमध्ये अमुक आकडा लिही. रजिस्टर म्हणजे चिपमधला क्रमांक दिलेला, एका बाइटचा कप्पा. प्रकाशाच्या रजिस्टरमध्ये ० लिहिला की दिवा विझतो, २५५ लिहिला की पूर्ण उजळतो. मधल्या आकड्याला चिप दिवा इतक्या झपाट्याने चालू-बंद करते, की डोळ्याला तो फक्त मंद दिसतो.

खरी अडचण येते ती चिपची भावंडं आल्यावर. कंपनी एकाच घराण्यातल्या चार-पाच चिप काढते, थोड्याफार फरकाच्या. अशा वेळी जुन्या ड्रायव्हरची, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या कोडची, फाइल कॉपी करून आकडे बदलण्याचा मोह होतो. मग एका फाइलमध्ये सापडलेली चूक तिथे दुरुस्त होते आणि बाकीच्या चार ठिकाणी तशीच राहते. दुसरा मोह म्हणजे एकच फाइल ठेवून जागोजागी ‘चिप ही असेल तर असं, ती असेल तर तसं’ लिहीत जाणं. हे जास्त वाईट, कारण नवी चिप आली की पूर्ण फाइल पुन्हा वाचावी लागते.

लिनक्स कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, आयएस३१एफएल३२ घराण्याचा ड्रायव्हर यातून कसा सुटतो, ते पाहण्यासारखं आहे. ३२३६ या चिपला ३६ चॅनल, म्हणजे दिव्यांच्या ३६ जोडण्या, ३२३५ ला २८, ३२१८ ला १८ आणि ३२१६ ला १६. प्रत्येक चिपसाठी एक छोटा तक्ता: चॅनल किती, प्रकाशाची रजिस्टरं कुठून सुरू होतात, ‘लिहिलेलं आता लागू कर’ हे सांगणारं रजिस्टर कोणतं. हे शेवटचं ३२३६ मध्ये ३७ व्या क्रमांकावर आहे, ३२१८ मध्ये २२ व्या. ते लिहायचं राहिलं, तर प्रकाशाचे सगळे आकडे बरोबर जाऊनही दिवे ढिम्म राहतात. ड्रायव्हर सुरू होताना डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डावर कोणती चिप आहे ते सांगणाऱ्या यादीतल्या) नावावरून योग्य तक्ता उचलतो आणि बाकीचा कोड कोणत्याही चिपचं नाव न विचारता चालतो.

या तक्त्यात एक सापळा आहे. सी भाषेत तक्त्यातला जो रकाना भरलेला नसतो, तो आपोआप ० होतो. पण ० हा इथे खऱ्याखुऱ्या रजिस्टरचा क्रमांक आहे. ३२३६ मध्ये चिपला झोपवणारं-उठवणारं रजिस्टर नेमकं तेच. म्हणून ‘हे रजिस्टर या चिपमध्ये नाही’ हे सांगायला ० नव्हे, तर २५५ वापरतात, आणि तो प्रत्येक रिकाम्या रकान्यात हाताने लिहावा लागतो.

३२१६ हे या घरातलं हट्टी मूल. तिची रजिस्टरं उलट्या क्रमाने आहेत: सुरुवात १६ पासून, पण पहिला चॅनल सापडतो ३१ वर. एवढा फरक तक्त्यातल्या एका ‘उलट आहे’ या खुणेने भागतो. झोपेचं मात्र तसं नाही. इतर चिपमध्ये झोपेच्या रजिस्टरातला शेवटचा बिट १ केला की चिप जागी होते. ३२१६ मध्ये तो बिट दुसऱ्याच जागी आहे आणि १ केला की ती झोपते. शिवाय तिला रीसेट रजिस्टरच नाही, मूळ किमती एकेक करून लिहाव्या लागतात. म्हणून तिच्या तक्त्यात या दोन कामांसाठी आकड्यांऐवजी तिच्या स्वतःच्या फंक्शनचे, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांचे, पत्ते असतात. आकड्याचा फरक तक्त्यात, वागण्यातला फरक फंक्शनमध्ये. पहिल्यासाठी फंक्शन लिहिणं म्हणजे उगाच पसारा, आणि दुसरा खुणांनी भागवायला गेलं की खुणांचंच जंगल माजतं.

वागणंच फार वेगळं असेल तर रचनाही बदलते. एलपी५५ घराण्यातल्या चिपमध्ये तीन छोटी इंजिनं असतात. प्रोसेसर झोपला तरी ती दिवे लुकलुकवत ठेवतात. २०१३ मध्ये या चिपचा सामाईक कोड वेगळ्या फाइलमध्ये काढला गेला आणि प्रत्येक चिपसाठी लहान ड्रायव्हर उरला. एलपी५५६२ पाहिली की असं का केलं ते समजतं. निळा, हिरवा, लाल यांची रजिस्टरं २, ३, ४ अशी ओळीने, पण पांढऱ्याचं थेट १४ वर. ‘सुरुवात अधिक चॅनल क्रमांक’ हे सूत्र इथे फसतं. चार क्रमांकांची यादीच लागते.

काही गोष्टी मात्र सामाईक फाइलमध्येच शोभतात. आय-टू-सी वर लिहिताना कर्नलला थांबावं लागू शकतं, आणि दिव्याचा प्रकाश बदलण्याची मागणी कधी कधी थांबायला मुभा नसलेल्या टायमरमधून येते. म्हणून प्रकाश बदलण्याचं ‘थांबू शकणारं’ फंक्शन नोंदवायचं, म्हणजे कर्नल ते काम मागच्या रांगेत टाकतो. चुकीचं फंक्शन नोंदवलं, तर हाताने आकडा दिल्यावर सगळं सुरळीत दिसतं आणि ब्लिंकचा टायमर लावल्यावर कर्नल तक्रार करतो.

आधीच्या ड्रायव्हरमध्ये नवी चिप घालायची असेल, तर पहिल्या पॅचमध्ये (कोडमधल्या बदलांच्या गठ्ठ्यात) फक्त जुने आकडे तक्त्यात हलवा, वागणूक तसूभरही बदलू नका, आणि जुन्या चिपवर तो चालवून बघा. नवी चिप दुसऱ्या पॅचमध्ये. डिव्हाइस ट्रीमध्ये प्रत्येक चिपचं पूर्ण नाव द्या. शेवटच्या आकड्यांच्या जागी ‘एक्स’ घालू नका, कारण त्याच साच्यात बसणाऱ्या नावाची पुढची चिप आतून अगदीच निराळी निघू शकते.