डेटाबेस प्रणालीची निवड (वेब विकास, ग्रामीण विदर्भ)

डेटाबेस प्रणालीची निवड : संकेतस्थळ किंवा वेब अ‍ॅप बनवताना त्याची माहिती मोफत, मुक्तस्रोत (म्हणजे जिचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रणालीत ठेवायची की परवाना विकत घेऊन व्यापारी प्रणालीत, याचा निर्णय. मुक्तस्रोतात मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल व एसक्यूलाइट, तर व्यापारी गटात ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर ही नेहमीची नावे. विदर्भाच्या ग्रामीण भागात बाजार समिती, सेवा सहकारी सोसायटी, जिनिंग, पतसंस्था, संत्र्याचे व्यापारी यांची कामे तालुक्याच्या ठिकाणी बसून एक-दोन जण करतात, आणि हा प्रश्न त्यांच्यापुढे येतो. पुष्कळदा तो होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेतले त्याच दिवशी सुटलेला असतो. स्वस्तातल्या, अनेकांत वाटलेल्या शेअर्ड होस्टिंगमध्ये पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी आयते मिळते. ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचे पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडले की तक्ते बनवायला सुरुवात.

मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनमधील कंपनीने आणले. २००८ मध्ये ते सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेले. ओरॅकलच्या हाती ते पडणार हे दिसताच मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली. पोस्टग्रेएसक्यूएलचे मूळ बर्कली येथील विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. त्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही. एसक्यूलाइट (२००० पासून) तर कोणाच्याच हक्काचे नाही, सर्वांना खुले. खेडा खरेदीला गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर, रेंज नसताना, कापसाच्या गाडीची नोंद साठवून ठेवायला ते उत्तम. मात्र एका वेळी एकालाच लिहू देत असल्याने शेकडो जण एकदम नोंदी करतील अशा साइटच्या मुख्य डेटाबेससाठी ते घेऊ नये.

व्यापारी प्रणालींच्याही फुकट आवृत्त्या आहेत आणि गोंधळ बहुधा तिथेच होतो. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसला २०२२च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि माहिती हाताळायला सुमारे १.४ जीबी रॅम मिळते. ओरॅकलच्या २१सी एक्स्प्रेसमध्ये १२ जीबी माहिती, २ जीबी रॅम आणि प्रोसेसरचे दोनच धागे (थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामे). हे आकडे ऐकून घाबरायचे कारण नाही. बाजार समितीत दिवसाला हजार काटापट्ट्या फाटल्या, वर्षात तीनशे दिवस काटा चालला आणि एका नोंदीला १ केबी धरले, तर वर्षाला जेमतेम ३०० एमबी होतात. १० जीबी भरायला तीस वर्षे लागतील. पण त्याच डेटाबेसमध्ये सातबाऱ्याचे २ एमबीचे फोटो कोंबले, की पाच हजार शेतकऱ्यांतच जागा संपते. फोटो फाइल म्हणून वेगळे ठेवावेत आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता लिहावा. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा एजंट नावाचा भागही नसतो. ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरकडे सोपवावे लागते. मर्यादा ओलांडली तर पुढचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि तो प्रोसेसरच्या कोअरच्या हिशेबाने घेतला तर किमान चार कोअरचे पैसे मोजावे लागतात. खरिपाच्या हंगामावर वर्षाचे गणित बसवणाऱ्या संस्थेला हा खर्च सहसा पेलत नाही.

पैशाचे व्यवहार असतील तर व्यवहार अर्धवट न राहण्याची हमी पाहावी. शेतकऱ्याच्या तुरीची काटापट्टी लिहिली, हमाली-तोलाई कापली आणि चुकारा (मालाचे पैसे) टाकायच्या आत लाइन गेली, तर तिन्ही नोंदी एकत्र टिकल्या पाहिजेत किंवा तिन्ही मागे फिरल्या पाहिजेत. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल हे करतात. मायएसक्यूएलमध्ये ते इनोडीबी पद्धतीच्या तक्त्यांतच होते. २०१० च्या ५.५ आवृत्तीआधी मायआयसॅम हा तक्त्याचा आपोआप मिळणारा प्रकार होता आणि त्यात ही सोय नाही. जुन्या साइटच्या डेटाबेसमधून काढलेली एसक्यूएल फाइल तशीच नकलली तर तो प्रकारही सोबत येतो. सर्व्हर कार्यालयातच ठेवला असेल तर हे आधी तपासावे. यूपीएस असला तरी.

मराठी मजकुराकडे निवडीच्या वेळी कोणाचे लक्ष नसते. मग सभासदांच्या यादीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. मायएसक्यूएलमध्ये जुना, देवनागरी नसलेला लॅटिन१ हा अक्षरसंच राहिला तर हे होते; ८.० पासून (२०१८) देवनागरी सामावणारा यूटीएफ८एमबी४ आपोआप मिळतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या व्हारचारऐवजी एनव्हारचार प्रकारचा रकाना सहसा लागतो आणि क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी ‘एन’ टाकावा लागतो. एकदा प्रश्नचिन्हे साठली की मूळ नाव परत मिळत नाही, कागद काढून पुन्हा टाइपच करावे लागते. अनुक्रमाचेही असेच. नुसत्या युनिकोड क्रमाने लावले तर क्षीरसागर हे आडनाव कोल्हे आणि खंडारे यांच्या मधोमध येते, वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १० व्या आवृत्तीपासून (२०१७) आयसीयू या युनिकोड संग्रहातला मराठी क्रम वापरता येतो, आणि मतदार किंवा सभासद यादीचे काम असेल तर प्रस्तुत लेखकाच्या मते तेवढ्यासाठीही ते घ्यावे. शेतांचे नकाशे दाखवायचे असतील तर पोस्टजीआयएस ही त्याची नकाशांसाठीची जोड हे दुसरे कारण.

व्यापारी प्रणाली घेण्याचे सबळ कारण बहुधा जुने सॉफ्टवेअर हेच असते. जिनिंगच्या किंवा पतसंस्थेच्या हिशेबाचा सारा तर्क एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्राममध्ये) लिहिलेला असेल, तर तक्ते हलवणे सोपे आणि त्या प्रोसिजर नव्याने लिहिणे फार जिकिरीचे असते. व्याजाच्या एका सूत्रात चूक राहिली तर ती वार्षिक सभेतच उघडी पडते. अशा वेळी हिशेब आहे तिथेच राहू द्यावा. रोज संध्याकाळी आवक आणि भाव यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल काढून ती होस्टिंगवरच्या मायएसक्यूएलमध्ये चढवली की साइटचे काम भागते.