पापणी पडणे : कारणे, तपासणी आणि उपचार

वरची पापणी नेहमीच्या जागेवरून खाली येऊन बुबुळ झाकू लागली, की त्याला पापणी पडणे म्हणतात. डॉक्टर मंडळी टोसिस म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नेत्र ओपीडीत ‘डोया उघडत नही’ या तक्रारीखाली हा आजार येतो आणि त्याच तक्रारीखाली इतर पाच-सहा आजारही येतात. म्हणून पापणी का पडली हे ठरल्याशिवाय तिला टाका घालायचा नाही, हा इथला पहिला नियम आहे. पापणी किती पडली आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

निरोगी डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा १ ते २ मिमी भाग झाकते आणि बाहुलीच्या मध्यापासून तिची कड ४ ते ५ मिमी वर असते. पापणी उचलण्याचे मुख्य काम लिव्हेटर नावाचा स्नायू करतो. तो तिसऱ्या मेंदू-चेतेवर चालतो आणि त्याचे पुढचे टोक पातळ पांढऱ्या पडद्यासारखे होऊन पापणीतल्या टणक पट्टीला, म्हणजे टार्ससला, चिकटते. त्याच्या मागे म्युलर हा छोटा स्नायू असतो. तो सुमारे २ मिमी उचल देतो आणि सिंपथेटिक, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, चेतांवर चालतो. पापणी पडू लागली की तिसरा मदतनीस, कपाळाचा स्नायू, भुवया ताणून धरतो. अशा माणसाच्या कपाळावर आठ्या असतात, संध्याकाळपर्यंत कपाळ दुखते आणि पुढे बघताना हनुवटी वर होते.

आधी वगळायची कारणे. पापणी एकाएकी, म्हणजे काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत पडली असेल, तर चष्म्याच्या दुकानात जाऊन भागत नाही. डोळा बाहेर आणि खाली वळलेला, दोन-दोन दिसणे, डोके दुखणे आणि त्या बाजूची बाहुली मोठी, असे चित्र असेल तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या चेतेवर दाब देत असू शकतो. त्याच दिवशी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे स्कॅन, लागते. मधुमेहातही तिसरी चेता बसते, पण तेव्हा बाहुली बहुधा शाबूत राहते आणि साधारण तीन महिन्यांत पापणी आपोआप वर येते. बाहुली लहान झाली आहे आणि पापणी जेमतेम १-२ मिमी खाली आहे, असे असेल तर हॉर्नर सिंड्रोम, म्हणजे सिंपथेटिक चेता दुखावलेली. त्यात मानेतली रक्तवाहिनी आणि छातीचा वरचा भाग तपासावा लागतो. तंबाखू-बिडीवाल्या माणसाचा खांदा-हात दुखत असेल, तर फुप्फुसाच्या टोकावरची गाठ डोक्यात ठेवूनच एक्स-रे बघावा.

शेतीच्या मुलखात आणखी एक कारण आहे आणि शहरी पुस्तकांत त्याला तळटीपेइतकीच जागा मिळते. ते म्हणजे मण्यार. पावसाळ्यात खळ्यावर किंवा घरात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, पापण्या जड होतात, बोलणे जडावते, थुंकी गिळता येत नाही. मण्यारीचा दंश बारीक आणि बहुधा न दुखणारा असतो, त्यामुळे खूण सापडेलच असे नाही. दोन्ही पापण्या एकदम पडणे हे विष चेता-स्नायूंच्या सांध्यावर पोचल्याचे पहिल्या लक्षणांपैकी एक लक्षण आहे, त्यानंतर श्वास बंद पडतो. भगताकडे घालवलेला तासच इथे जीव घेतो. १०८ ला फोन करून थेट जिथे प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत तिथे न्यावे. सुरुवातीची मात्रा साधारण १० कुप्यांची असते आणि लहान मुलालाही तेवढीच द्यावी लागते, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. नागाच्या दंशात नीओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिनने पापण्या लवकर उचलल्या जातात. मण्यारीत त्याचा भरवसा कमी.

सकाळी पापणी ठीक आणि दिवस कलता कलता खाली, एकदा उजवी तर एकदा डावी, असे असेल तर मायस्थेनिया, म्हणजे चेतेचा हुकूम स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार. मिटलेल्या पापणीवर रुमालात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटे धरला आणि पापणी २ मिमी किंवा जास्त वर आली, तर संशय पक्का होतो. गावच्या दवाखान्यातही ही तपासणी फुकटात होते. पुढे रक्तातली प्रतिपिंडे आणि छातीचा सीटी करतात, कारण थायमस ग्रंथीची गाठ सोबत असू शकते. उपचार पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या आणि गरजेनुसार स्टिरॉइड. अशा रुग्णाला सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन किंवा काचबिंदूचे टिमोलॉल थेंब देताना जपावे लागते, त्याने स्नायूंची ताकद आणखी घसरते. मायस्थेनियाच्या पापणीवर घाईने शस्त्रक्रिया केली, तर गोळ्या लागू पडल्यावर तीच पापणी नको इतकी उघडी राहते.

काही वेळा पापणी पडलेली नसतेच. वयाने वरची कातडी सैल होऊन कडेवर लोंबते, ती उचलून धरली की खालची कड जागच्या जागी दिसते. त्याचा इलाज जादा कातडी काढणे हा आहे. थायरॉइडच्या आजारात एक डोळा जास्त उघडा राहतो आणि दुसरा चांगला असून पडलेला वाटतो. चेहऱ्याच्या लकव्यात पापणी मिटत नाही, पण भुवई खाली उतरल्याने नातेवाईक उलट सांगतात. डोळा मिटायला सांगितला की उलगडा होतो.

मोजमाप. टॉर्च, मिमीची पट्टी आणि अंगठा एवढेच लागते. रुग्णाला टॉर्चकडे बघायला लावून बाहुलीवर दिसणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. दुसऱ्या बाजूपेक्षा २ मिमी कमी तर सौम्य, ३ मध्यम, ४ किंवा जास्त तर तीव्र. मग भुवईवर अंगठा घट्ट दाबून, म्हणजे कपाळाला मदत करू न देता, रुग्णाला आधी खाली आणि मग वर बघायला सांगतात आणि पापणीची कड किती मिमी सरकली ते मोजतात. हा लिव्हेटरचा जोर. निरोगी माणसात तो १५ मिमीच्या आसपास असतो, ८ च्या वर चांगला, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा कमी म्हणजे दुबळा. पुढची सगळी निवड या एका आकड्यावर ठरते. अंगठा ढिला राहिला तर आकडा फुगतो आणि चुकीची शस्त्रक्रिया ठरते.

सोबत तीन गोष्टी बघायच्याच. डोळा मिटताना बुबुळ वर सरकते का, अश्रू पुरेसे आहेत का, आणि पडलेली पापणी बोटाने उचलल्यावर दुसरी खाली येते का. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून हुकूम सारखाच जातो. एक उचलली की दुसरीचा जादा ताण सुटतो आणि तिचा लपलेला दोष उघडा पडतो. हे आधी सांगितले नाही, तर ‘चांगला डोळा बिघडवला’ अशी तक्रार ठरलेली. पडझड किती जुनी हे विचारून कळत नाही. जुन्या मतदार ओळखपत्रावरचा किंवा लग्नातला फोटो मागवावा.

मोठ्यांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो लिव्हेटरचे पुढचे टोक ताणून सुटण्याचा प्रकार. त्यात जोर चांगला असतो आणि पापणीची घडी वर सरकलेली किंवा पुसली गेलेली असते. वय, वर्षानुवर्षे वापरलेल्या कडक कॉन्टॅक्ट लेन्स, डोळ्याची आधीची शस्त्रक्रिया आणि डोळे चोळण्याची सवय ही कारणे. नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर किंवा जिनिंगमध्ये राबणाऱ्यांचे डोळे खाजतात आणि दिवसभर चोळले जातात. तिथे अ‍ॅलर्जीचा उपचार आधी करावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडलेली पापणी सहा महिन्यांपर्यंत वाट बघून मगच हात लावावा, बऱ्याच जणांत ती स्वतःहून सुधारते.

शस्त्रक्रियेविना. मूळ कारणाचा उपचार हाच इथला खरा इलाज. त्यापलीकडे हाताशी थोडेच आहे. ऑक्सिमेटाझोलिनचे ०.१ टक्क्याचे थेंब दिवसातून एकदा घातल्यास म्युलर स्नायू आखडून पापणी साधारण १ मिमी वर येते. अमेरिकेत त्यांना २०२० साली मान्यता मिळाली. असर काही तासांपुरता असतो, स्नायूच दुबळा असेल तर फायदा नाही, आणि अरुंद कोनाचा काचबिंदू किंवा आवाक्यात नसलेला रक्तदाब असेल तर जपून. याच औषधाचे नाक मोकळे करायचे थेंब मेडिकलवर मिळतात, ते डोळ्यात घालू नयेत. कपाळावरच्या बोटॉक्सने पडलेली पापणी काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत, पूर्ववत होते. तोवर अ‍ॅप्राक्लोनिडिनचे थेंब आधार देतात.

शस्त्रक्रिया झेपणार नाही किंवा डोळा नीट मिटत नाही, अशांसाठी चष्म्याच्या फ्रेमला आतून तारेची कमान बसवतात आणि ती पापणीला वर टेकवून धरते. कमान फार दाबली तर उघडझाप होत नाही आणि बुबुळ कोरडे पडते, म्हणून सलग तास-दोन तासांपेक्षा जास्त नको आणि मध्ये कृत्रिम अश्रू हवेत. चिकटपट्टीने पापणी वर धरण्याचाही तोच धोका. भुवयांचे व्यायाम, मालिश, काजळ, डोळ्यात तूप यांनी सुटलेले टोक परत चिकटत नाही.

शस्त्रक्रिया. जोर चांगला आणि पडझड सौम्य असेल तर आधी म्युलर आखडवणारा फिनाइलएफ्रिनचा थेंब घालून बघतात. पाच-दहा मिनिटांत पापणी वर आली, तर पापणी उलटी करून आतल्या बाजूने म्युलर स्नायू आणि त्यावरचे आवरण कापता येते. ढोबळ हिशेब असा, की ८ मिमी काढले की २ मिमी उचल मिळते. बाहेर व्रण राहत नाही. टाक्याची गाठ बुबुळाला घासू नये म्हणून काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात.

लिव्हेटर पुढे ओढून बसवणे ही मोठ्यांतली नेहमीची शस्त्रक्रिया. सुई देण्याआधी, रुग्ण बसलेला असताना घडीची खूण करतात, बायकांत पापण्यांच्या केसांपासून ८ ते १० मिमी, पुरुषांत थोडी खाली. मग जागा बधिर करायला लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रिनलिन, एक-दीड मिलीच. जास्त दिले तर पापणी सुजते, स्नायू बधिर होतो आणि उंची ठरवताच येत नाही. कातडी आणि खालचा पडदा उघडल्यावर पिवळी चरबी दिसते. ती ओळखायची खूण, तिच्या मागे लागून पांढरे टोक असते. ते सोडवून टार्ससवर, बाहुलीच्या रेषेपाशी, ६-० या बारीक धाग्याचा पहिला टाका अर्ध्या जाडीतून घालतात. टाका आरपार गेला तर बुबुळाला टोचतो, म्हणून पापणी उलटवून खात्री करतात. यानंतर रुग्णाला टेबलवर उठून बसवतात आणि समोर, वर, खाली बघायला सांगतात. अ‍ॅड्रिनलिनने म्युलर आखडलेला असतो, त्यामुळे टेबलवर पापणी १ मिमी जास्त वर ठेवण्याचा प्रघात आहे. उठून बसवायचे असते म्हणूनच मोठ्यांत पूर्ण भूल शक्यतो देत नाहीत, झोपलेल्या माणसाची पापणी मोजता येत नाही.

जोर ४ मिमी किंवा कमी असेल, तर लिव्हेटर कितीही कापला तरी भागत नाही. मग पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. केसांच्या वर दोन आणि भुवईपाशी तीन बारीक छेद घेऊन पंचकोनात सिलिकॉनची दोरी किंवा मांडीतून काढलेली फॅशिया लाटा (स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी) ओवतात. सिलिकॉन नंतर सैल-घट्ट करता येते आणि गरज पडल्यास काढता येते. फॅशिया जास्त टिकते, पण तिला मांडीवर छेद लागतो आणि मूल साधारण तीन-चार वर्षांचे व्हावे लागते. जन्मतः पडलेल्या पापणीत स्नायूच तंतुमय असतो, त्यामुळे खाली बघताना ती नीट उतरत नाही आणि झोपेत डोळा थोडा उघडा राहतो. हे शस्त्रक्रियेनंतर वाढते. तिसरी चेता बसल्याने डोळा तिरळा झाला असेल, तर तिरळेपणा आधी, पापणी नंतर. उलट केले तर झाकलेले दुहेरी दिसणे उघडे होते.

मुलांच्या बाबतीत. बाहुली झाकली गेली, किंवा मूल हनुवटी वर करूनच बघते, तर तीन वर्षांची वाट बघत नाहीत, कारण त्या डोळ्याला बघायचे वळणच लागत नाही आणि तो मंद राहतो. दूध पिताना पापणी फडफडते, ही खूण आई सांगते. तो चेतांची जोडणी चुकल्याचा वेगळा प्रकार आहे, त्याची शस्त्रक्रिया वेगळ्या नियोजनाने होते. पापणी वर झाली म्हणजे नजर आली असे नाही, चष्मा आणि चांगल्या डोळ्याला पट्टी पुढे चालूच ठेवावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याची, धडगाव-अक्कलकुवा भागातली मुले भूल घेण्याआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी तपासलेली असावीत. या आजाराचे प्रमाण आदिवासी समाजात जास्त आहे आणि भुलेत ऑक्सिजन उतरला, अंग गार पडले किंवा पाणी कमी झाले, तर सिकलसेलचा झटका येऊ शकतो. अहवाल माहीत असेल तर उपाशी ठेवण्याचा वेळ, सलाइन आणि ऊब याची आधीच व्यवस्था होते.

नंतरची काळजी. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी १०-१५ मिनिटे बर्फाचा शेक, बर्फ कपड्यात गुंडाळून. उशी उंच. टाके ५ ते ७ दिवसांत निघतात. रात्री डोळ्यात मलम भरावे, झोपेत पापणी मिटत नसेल तर कागदी पट्टीने मिटवून ठेवावी. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४५ च्या पुढे जात असताना आणि धूळ उडत असताना अर्धउघडा डोळा लवकर सुकतो. ज्यांची घाई नाही त्यांनी पावसाळा किंवा हिवाळा धरावा. शेतात फवारणी, कापूस वेचणी, जिनिंग आणि मिरचीचे काम दोन आठवडे नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी बंद करायच्या का, हे ज्यांनी त्या दिल्या त्यांना विचारूनच ठरवावे, स्वतःहून थांबवू नयेत.

पापणी हवी तितकी वर न येणे हा सर्वाधिक आढळणारा दोष. जास्त वर गेली तर डोळा मिटत नाही, लाली येते, पाणी येते आणि बुबुळावर जखम होऊ शकते. अशा वेळी पहिल्या दोन आठवड्यांत मालिशने किंवा टाका सैल करून सुधारणा होते. कड मध्येच टोकदार होणे, आतल्या टाक्याने केस वर वळणे, सिलिकॉनच्या दोरीभोवती गाठ किंवा पू होणे, हेही बघितले जाते. पहिल्या रात्री डोळा घट्ट सुजला, बाहेर आला आणि नजर कमी झाली, तर आत रक्त साठले आहे. पट्टी काढून तासाभरात गाठायचे ते हॉस्पिटल, सकाळपर्यंत थांबायचे नाही.

तपासणी आणि मोजमाप धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्र विभागांत करून घेता येते. मुलांच्या आणि पुन्हा करायच्या शस्त्रक्रियांसाठी नाशिक, मुंबई, सुरत किंवा इंदूरचा रस्ता धरतात. जाताना पापणीच्या मोजमापाचे कागद, जुने फोटो आणि सिकलसेलचा अहवाल सोबत न्यावा. सरकारी योजनेत शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे. पहिल्या शस्त्रक्रियेत कमी राहिलेली पापणी पुन्हा उघडायची असेल, तर सूज ओसरून उंची स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते सहा महिने, थांबतात. लहानपणी सिलिकॉनवर टांगलेली पापणी मूल वाढताना ढिली पडू शकते, तेव्हा दोरी घट्ट करणे किंवा फॅशियाने बदलणे हा पुढचा टप्पा असतो.