वायपरची रेघ: रबर गेलं की काच मळली?

मिरगाचा पहिला सडाका येतो, वायपर फिरतो आणि समोर पांढुरकं पसरतं. मग तडक पार्टसच्या दुकानात जाऊन रबर आणलं जातं. नव्या रबरानेही तेच दिसलं की शिव्या दुकानदाराला. रबर झिजणं आणि काच मळणं, दोन्हींत ड्रायव्हरला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून घोटाळा होतो. पण खुणा वेगळ्या आहेत.

रबराचा दोष वायपरसोबत फिरतो. रबराच्या धारेला चीर गेली किंवा तिथे मातीचा कण अडकला, की काचेवर बारीक, कमानदार रेघ उमटते. ती प्रत्येक फेरीला त्याच ठिकाणी येते. वायपरच्या बुडापासून ती रेघ जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर रबर बोटाने चाचपा, चीर हाताला लागते. काचेचा दोष मात्र जागा सोडत नाही. तो डागासारखा किंवा धुक्याच्या पट्ट्यासारखा असतो आणि वायपर पुढे गेल्यावर सेकंदभर राहून विरतो. रात्री समोरून ट्रकचा हेडलाइट आला की अख्खी काच दुधाळ होते, ती याच तेलकट थरामुळे.

तरी शंका असेल तर अर्धी काच धुवून बघा. ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर फिरतो तेवढ्या भागापैकी अर्धा भाग भांड्याच्या साबणाने घासून स्वच्छ धुवा, अर्धा तसाच ठेवा. दोन्हीकडे पाणी मारून वायपर एकदा फिरवा. धुतलेला भाग लख्ख आणि दुसरा धुरकट, तर दुकानात जायची गरज नाही. रेघ दोन्ही भागांतून सरळ गेली, तर रबर आणा.

आपल्याकडे विदर्भात काच मळायला कारणं भरपूर. पांदण रस्त्याची काळी माती, जिनिंगजवळचा कापसाचा तूस, वणी-घुग्घुसकडची कोळशाची धूळ, ट्रकचा काळा धूर. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या गावांत आणखी एक भर: बोरच्या पाण्याने गाडी धुवून उन्हात सोडली की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. हे साबणाने जात नाहीत. एक वाटी पांढरं व्हिनेगर, एक वाटी साधं पाणी, त्यात फडकं भिजवून सावलीत चार-पाच मिनिटं काचेवर पसरून ठेवा, वाळू देऊ नका. मग घासून भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगर पत्र्याच्या रंगावर ओघळू देऊ नये.

वायपर थरथरत, कुरकुरत फिरत असेल तर थोडं थांबून बघा, कारण तो आवाज दोन्हींमुळे होतो. एकाच दिशेने जाताना थरथरतो, तर रबराची धार एका बाजूला वाकून तशीच बसलेली असते. वायपरचा हात उभा करून पाहा: धार सरळ उभी राहून बोटाने दोन्हीकडे सहज कलली पाहिजे. दोन्ही दिशांनी अडखळतो, तर आधी काचेवर पॉलिश किंवा तेल आहे का ते बघा. वायपरचा हात पिळला असेल तरी आवाज येतो, पण तो क्रम नंतरचा.

रबर फक्त मळलं असेल तर ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून धारेवरून एकाच दिशेने ओढा. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत. पेट्रोल, डिझेल, रॉकेल लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. पॉलिश पेपरने घासलं तर उरलीसुरली धारही जाते. धूळ बसलेल्या काचेवर कोरडा वायपर फिरवणं तर सगळ्यात वाईट, त्याने पडलेले ओरखडे नव्या रबरानेही झाकत नाहीत.

बदलायचंच ठरलं तर लोखंडी सांगाड्याच्या ब्लेडमध्ये नुसतं रबर बदलता येतं. सलग, सांगाडा न दिसणाऱ्या ब्लेडला बहुधा पूर्ण ब्लेडच घ्यावं लागतं. जुन्या रबराची लांबी टेपने मोजा आणि पाठीची रुंदी दाखवायला जुनं सोबत न्या. दोन्ही बाजूंची लांबी अनेकदा वेगळी असते.

हात उभा करताच काचेवर जाड गमछा घाला. ब्लेड काढलेला नुसता हात स्प्रिंगने आदळला तर काच तडकते. हाताच्या टोकाच्या आकड्याजवळची कळ दाबून ब्लेड खाली सरकवा, सुटतं. रबराचं एक टोक सांगाड्याच्या पंज्यांत, म्हणजे रबर धरणाऱ्या चिमट्यांत, अडकलेलं असतं, दुसरं मोकळं. अडकलेल्या टोकाकडून ओढलं की रबर निघतं. आतल्या दोन पोलादी पट्ट्या नव्या रबराच्या खाचांत त्याच बाजूने, त्याच वाकाने बसवा. इथेच चूक होते: पट्टी उलटी बसली की रबर काचेला सगळीकडे नीट टेकत नाही आणि न पुसलेला पट्टा राहतो. मग नवं रबर एकेका पंज्यातून सरकवत न्या, एकही पंजा सुटता कामा नये, आणि शेवटच्या पंज्यात टोक अडकल्याची खात्री करा. जुन्या पट्ट्या तोपर्यंत फेकू नका, काही रबरांसोबत त्या येत नाहीत.

हे काम जानेवारीत करू नका. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा 45 च्या आसपास असताना, रबर उन्हातच करपतं आणि पावसात पहिल्याच दिवशी कुरकुरतं. मे संपता संपता, मिरगाच्या आठवडाभर आधी बदला. त्याच दिवशी वॉशरच्या टाकीतलं जुनं पाणी काढून आरओचं भरा. खाऱ्या पाण्याने फवाऱ्याचं भोक बुजतं, ते बारीक सुईने मोकळं होतं. कपड्यांची पावडर त्यात टाकू नका, ती भोकात घट्ट बसते.